लोहगडवाडीहून चालत यावं

माझ्या टेबलाच्या उजव्या अंगाला एक लाकडी खण आहे. वाचनालयाच्या जुन्या कपाटातला, पितळी कडीचा. त्यात चारशे सव्वीस कार्डं आहेत. प्रत्येक कार्डावर एका सिनेमाचं नाव, कुठे पाहिला ते, आणि खाली दोन-तीन ओळी. कार्डं अक्षरांच्या क्रमाने लावलेली नाहीत, सालाच्या क्रमानेही नाहीत. सर्वांत पुढचं कार्ड सर्वांत चांगल्या सिनेमाचं, सर्वांत मागचं सर्वांत वाईटाचं. मधली चारशे चोवीस कार्डं ज्याच्या त्याच्या जागी. मी लोणावळ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल; आयुष्यभर याद्या केल्या. पुस्तकांच्या, सभासदांच्या, मुदत संपलेल्यांच्या, घरातल्या डब्यांच्यासुद्धा. पण इतक्या विचाराने लावलेली यादी मला एकदाही जमली नाही.

आणखी एक कार्ड आहे, पण ते ह्या रांगेत नाही. ते खणाच्या तळाशी आडवं पडलेलं असतं. ते कुठे लावायचं हे मला ठरवता येत नाही, आणि ज्यांनी ठरवायचं ते वाघचौरे भाऊ गेल्या पावसाळ्यात गेले. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी खण पदराखाली झाकून घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाई, हे तुमचंच होतं. घरात एवढंच नीटनेटकं होतं, तेही परकं."

भाऊ लोणावळा स्टेशनवर पार्सल क्लार्क होते. गावात वाघचौरे नावाची दोन-तीन घरं होती, त्यामुळे सगळे त्यांना पार्सलभाऊ म्हणत. मध्यम उंची, रेल्वेचा काळा कोट, कानामागे पेन्सिलीचा तुकडा. बोलताना समोरच्याच्या पायांकडे पाहायची सवय. लाजाळूपणा नव्हता तो. माणूस किती लांबून चालत आलाय ते पायांवरून कळतं, असं ते म्हणत.

सिनेमाच्या रिळांच्या पेट्या तेव्हा रेल्वेनेच येत. पुण्याचा खेळ संपला की पेटी लोणावळ्याला, तिथून कामशेतच्या तंबूत, पुढे वडगाव-तळेगाव. प्रत्येक पेटी भाऊंच्या हाताखालून जाई. तिच्यावरची चिठ्ठी ते दोनदा वाचत आणि पेटीवर हलकीच थाप मारत, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. साप्ताहिक सुट्टीला पुण्याला जाऊन नवा सिनेमा पाहायचा, आणि तो लोणावळ्याला लागायच्या आत त्याचा निकाल लावायचा, हा त्यांचा नेम.

पार्सल ऑफिसच्या बाहेर एक फळा होता. वरच्या अर्ध्यात गाड्यांचे उशीर, खालच्या अर्ध्यात भाऊंचा निकाल. सुरुवातीला तिथे सिनेमाचं नुसतं नाव असे. मग एका बाजाराच्या दिवशी पवनेकाठचं एक म्हातारं जोडपं पहाटेपासून चालत आलं, दुपारचा खेळ पाहिला, आणि परत जाताना पार्सल ऑफिसच्या पायरीवर टेकलं.

"कसा होता सिनेमा, आबा?" भाऊंनी विचारलं.

"कसला शिनेमा न् कसलं काय! नुसती मोटार पळत हुती. कुटं निगालीय, कशापायी, कायबी कळंना."

म्हातारी म्हणाली, "आदी कुनी सांगितलं आसतं भाऊ, तर एवड्यात आमचं दोन वाफं लावून झालं आसतं."

भाऊंना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नावापुढे अंतर आलं. त्यांचे चार दर्जे होते, ते असे: "लोहगडवाडीहून चालत यावं." "कामशेतहून गाडीने यावं." "गावातले असाल तर पाहा." आणि शेवटचा, "घरी बसा." लोहगडवाडी म्हणजे गडाच्या पायथ्याची वस्ती, तिथून लोणावळा तीन तासांची चाल, तीही पाय उचलून चाललं तर. कोणत्याही वर्तमानपत्रातल्या परीक्षणात असा मापदंड मी वाचला नाही. नट कोण, संगीत कसं, याबद्दल फळ्यावर अक्षर नसे. माणसाने किती पाय झिजवावेत, एवढंच.

मावळातली माणसं फळा पाहून ठरवत. ज्यांना वाचता येत नसे ती दुसऱ्याकडून वाचून घेत. "काय म्हनतोय पार्सलभाऊ?" "घरी बसा म्हनतोय." "मंग चला, मिरच्या घिऊन घरला." अशी संभाषणं मी स्वतः ऐकली आहेत.

थिएटरच्या मॅनेजरचा अर्थातच जळफळाट व्हायचा. एकदा ते वाचनालयात भाऊंना गाठायलाच आले. "भाऊ, पाया पडतो. ते 'घरी बसा' पुसा. नाहीतर निदान 'गावातले असाल तर' करा. बाल्कनीत पंख्याखाली खुर्ची देतो तुम्हाला, कायमची."

"बाल्कनीत बसून मला काही कळत नाही," भाऊ म्हणाले.

"का? तिथून स्पष्ट दिसतं की!"

"सिनेमा दिसतो. माणसं दिसत नाहीत."

ते नेहमी खाली बाकांवर बसत, तिसऱ्या रांगेत, कडेला. खिशात भाजलेले चणे. मध्यंतरापर्यंत चणे संपले तर सिनेमा बेताचा. शेवटी खिशात तसेच राहिले तर चालत यावं असा. घरी आल्यावर पत्नी आधी कोटाचे खिसे उलटे करून पाहायच्या आणि सिनेमाचा दर्जा सांगायच्या. त्या स्वतः कधी गेल्या नाहीत. म्हणायच्या, "माझा दर्जा लग्नातच लागलाय. घरी बसा."

खण मी दिला. आधी त्यांची यादी एका जाड वहीत होती आणि नवा सिनेमा मध्ये घुसवताना खाडाखोड इतकी व्हायची की पानं फाटत. मी त्यांना वाचनालयाची बाद झालेली कार्डं दिली, कोऱ्या बाजूवर लिहायला. तेव्हापासून ते दर शुक्रवारी संध्याकाळी खण काखेत घेऊन माझ्यासमोर येऊन बसू लागले. नवं कार्ड हातात धरून खण बरोबर मध्ये उघडायचे. "ह्याच्यापेक्षा बरा आहे का? आहे." मग पुढच्या अर्ध्याच्या मध्ये. "ह्याच्यापेक्षा? नाही." असं करत करत जागा सापडे. कधी पाच मिनिटांत, कधी दिवे लागायची वेळ होई. दोन सिनेमांमध्ये अडकले की मोठ्याने वाद घालत, दोन्ही बाजूंनी स्वतःच.

"भाऊ, आवाज," मी म्हणायची.

"बाई, भांडण ह्या दोघांचं आहे. मी मध्ये पडलोय."

एकदा लावलेली जागा ते बदलत नसत. मी विचारलं होतं, पुन्हा पाहिल्यावर मत बदललं तर? ते म्हणाले, "माझं बदलेल हो. पण पहिल्या मतावर जो चालत येऊन गेला, त्याचे तीन तास कुठून परत आणू?"

ह्या माणसाने फळ्यावर एकदाच खोटं लिहिलं. ते लिहायला मी सांगितलं होतं.

लोहगडावर एक कंपनी सिनेमा काढायला आली होती. ऐतिहासिक, मराठी. त्यांना मावळे हवे होते आणि मावळे खालीच राहत होते. वाडीतली वीस-बावीस माणसं तीन दिवस गडाच्या दरवाजात उभी राहिली. पागोटी, खोट्या मिशा, रंगवलेले लाकडी भाले. त्यात हौसामावशीचा बबन होता. हौसामावशी स्टेशनाबाहेर बसून ऋतूप्रमाणे करवंदं, आळूची रानफळं, नाहीतर दही विकायची. विधवा, एकुलता मुलगा. बबनने तिला सांगितलं होतं, "आये, माजं त्वांड लय जवळनं घेतलं. मी हसतो आनि भाला वर करतो." शूटिंगच्या तिन्ही दिवशी ती बाजाराला आली होती, त्यामुळे तिने त्याला त्या वेषात पाहिलंच नव्हतं. "शिनेमात बगीन की," ती म्हणाली होती.

सिनेमा पुरा व्हायच्या आधी बबन खाणीत दरडीखाली सापडून गेला. त्याचा फोटो नव्हता. एकही नाही. वाडीत तेव्हा कोणाचाच नसे.

मावशी महिन्याभराने पुन्हा पाटी घेऊन बसू लागली. रोज उठताना पार्सल ऑफिसच्या दारात यायची.

"भाऊ, गडाचा शिनेमा कवा येनार?"

"आला की पहिलं तुला सांगतो, मावशी."

"पेटी आली की मला दावा. नुसता हात लावते."

हे दीड वर्ष चाललं. मग सिनेमा पुण्याला लागला आणि भाऊ सुट्टी काढून गेले. शुक्रवारी वाचनालयात आले तेव्हा कार्ड लिहून तयार होतं, पण त्यांनी खण उघडला नाही.

"वाईट?" मी विचारलं.

"पहिला आहे, बाई. सगळ्यांच्या पुढे. चणे तसेच आहेत खिशात." त्यांनी खिशातून मूठ काढून दाखवली. "पण दरवाजाचा भाग सगळा कापलाय. वाडीतलं एक माणूस नाही त्यात. लागोपाठ दोन खेळ पाहिले. डाव्या कडेला एक भाल्याचं टोक येतं आणि जातं. भाल्याखाली माणूस नाही."

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे कागद घेतला आणि दोन रकाने आखले. एकीकडे 'मावशीला सांगणे', दुसरीकडे 'मावशीला येऊ न देणे'. पहिल्या रकान्याखाली मी लिहिलं की तिला बबन दुसऱ्यांदा गमवावा लागेल. दुसऱ्याखाली लिहिलं की सिनेमा एकच आठवडा राहील, नंतर जाईल, विषय संपेल. वाडीतली माणसं भाऊंच्या फळ्याबाहेर नाहीत. फळ्यावर 'घरी बसा' असलं तर वाडी येणार नाही, आणि वाडी येणार नसेल तर मावशीही येणार नाही. कागदावर ते अगदी बरोबर दिसत होतं.

"फळ्यावर खोटं?" भाऊ म्हणाले.

"एका आठवड्याचा तर प्रश्न आहे."

त्यांनी कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्याच आठवड्यात त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. मी ते सुवाच्य करून दिलं. कापलेला तुकडा मिळेल का, हातभर असला तरी चालेल, एका आईला दाखवायचा आहे. उत्तर आलं ते छापील होतं. कंपनीच्या आगामी चित्रपटाचं रंगीत पत्रक. आपल्या गावी अवश्य पाहा.

पेटी आली. फळ्यावर 'घरी बसा' लागलं. वाडी घरी बसली, ज्यांनी भाले धरले होते तीसुद्धा. मावशी फळ्यासमोर उभी राहिली.

"काय लिवलंय, भाऊ?"

"घरी बसा, मावशी. फार वाईट सिनेमा आहे."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. "वाईट आसू दे की. मला काय गोष्ट बगायचीय व्हय? पोरगं बगायचंय."

इतकी साधी गोष्ट माझ्या कोणत्याच रकान्यात नव्हती.

ती तीनच्या खेळाला गेली. बाहेर आली तेव्हा भाऊ दारात उभे होते. म्हणाली, "न्हाई दिसला. भाला दिसला. माजं डोळं लवलं नेमकं." दुसऱ्या दिवशी पाटीतलं दही तसंच ठेवून पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत पुढच्या बाकावर बसली आणि तो भाग आला तेव्हा दोन्ही हातांनी पापण्या उघड्या धरून ठेवल्या. हे भाऊंनी पाहिलं, कारण ते तिच्या मागच्याच बाकावर होते. चौथ्या दिवशी त्यांनी तिला थिएटरच्या पायरीवर थांबवलं. मी तिथे होते, त्यांनीच मला बोलावलं होतं.

"मावशी, ऐक. त्यात बबन नाही. तो भाग कापलाय."

"कुनी कापला?"

"कंपनीने."

"तुमाला कसं ठावं?"

"मी पुण्याला दोनदा पाहिला."

"मंग तवा का न्हाई सांगितलं?"

मावशीचा आवाज चढला नाही. दह्याचा भाव सांगावा तसं ती बोलत होती.

"तुमी म्हनालात, लय वाईट शिनेमा हाय. मी तीन डाव बगितला. मानसं रडत हुती. बाया रडत हुत्या. लय चांगला हाय शिनेमा. तवा खोटं बोललात. आता खरं बोलताय हे मी कशावरनं धरू?"

मी पुढे होऊन म्हणाले, "मावशी, ते खरंच सांगतायत."

"तुमी गप ऱ्हावा बाई. तुमचं पुस्तकाचं काम." आणि ती आत गेली.

ती आठवडाभर गेली. मग तिने वाडीत सांगितलं की सिनेमा चांगला आहे. वाडीची माणसं बाजाराला आली तोवर पेटी पुढे गेली होती. फळ्यासमोर उभं राहून एक जण म्हणाला, "आमचाच गड, आमीच मावळं, आनि ह्या फळ्यापायी आमीच घरी बसलो व्हय!" दुसरा म्हणाला, "थेटरवाल्याशी वाकडं आसंल त्याचं." भाऊ आत पार्सलं मोजत होते. त्यांना ऐकू जात होतं.

त्यांनी खुलासा केला नाही. खुलासा करायचा तर वाडीला सांगावं लागलं असतं की तुम्ही कोणीच त्यात नाही. त्यांनी फळ्याचा खालचा अर्धा भाग पुसला. पुढे तिथे पार्सलांच्या सूचना आल्या. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जाऊन बघा." ते ऐकणारा माणूस क्षणभर उभा राहायचा आणि निघून जायचा. दोनेक वर्षांत कोणी विचारेनासं झालं. शुक्रवारी ते येत, खण समोर घेऊन बसत, पण नवी कार्डं झाली नाहीत. गडाच्या सिनेमाचं कार्ड त्यांनी खिशातून काढून खणाच्या तळाशी आडवं टाकलं होतं. मी एकदा म्हटलं, "निदान आपल्यापुरतं लावा." ते म्हणाले, "आपल्यापुरतं कधी लावलंच नव्हतं."

पेटी कामशेतच्या तंबूत गेली तशी मावशीही गेली. मग वडगाव, मग तळेगाव. दोन-तीन वर्षांनी तोच सिनेमा फिरून लोणावळ्याला येई, तेव्हाही. प्रत्येक वेळी भाऊ तिच्या शेजारी बसत. आधी ती त्यांना सरकून जागा देत नसे, नंतर देऊ लागली. तिने त्यांना माफ केलं का, मला माहीत नाही. बहुधा तो विचारच तिच्या डोक्यात नव्हता. शेजारी आणखी दोन डोळे असले तर बरं, एवढंच.

टीव्ही आला तेव्हा मला वाटलं, भाऊ निदान त्याच्याबद्दल काही बोलतील. लोणावळ्याच्या तुंगार्ली भागातल्या बंगल्यांच्या कौलांवर एकेक करून काटेरी एरियल उभ्या राहिल्या. त्यांनी एक-दोन कार्यक्रम पाहिले आणि मला म्हणाले, "बाई, ह्याचा दर्जा लावता येत नाही. कोणी कुठून चालतच येत नाही. उठायचंच नाही, तर मी लोकांना काय सांगू?"

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका टीव्हीसमोर. एका शनिवारी संध्याकाळी मी मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी घेऊन तुंगार्लीत गेले होते. तिसरं नाव एका बंगल्यातल्या वहिनींचं होतं, दोन कादंबऱ्या, चार महिने. शनिवारी मराठी सिनेमा लागे आणि त्या आसपासच्या लोकांना पडवीत बसू देत, टीव्ही खिडकीकडे तोंड करून ठेवत. पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांच्या पुढे, खिडकीच्या गजांना जवळजवळ नाक लावून हौसामावशी बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा दिसत होता. शेजारी भाऊ. निवृत्त झाले होते, पण कोट तोच. गडाचा सिनेमा चालू होता.

"मावशी, जरा मागं सरा, कुणाला दिसत न्हाई," मागून कोणीतरी ओरडलं. ती सरकली नाही.

मी कठड्याशी उभी राहिले. पडद्यावर मुंग्या आल्यासारखं चित्र हलत होतं. दरवाजाचा भाग आला. डाव्या कडेला एक काळी रेघ वर आली आणि नाहीशी झाली.

"भाऊ, आला का?" मावशीने विचारलं.

भाऊ तिच्या कानाशी वाकले. "आला, मावशी. डाव्या बाजूला उभा आहे. हसतोय."

मावशी खिडकीकडेच तोंड करून बसली होती. "खोटं," ती म्हणाली. "तुमी लय खोटं बोलता, भाऊ."

"हो," भाऊ म्हणाले.

सिनेमा संपला. माणसं उठली, चपला शोधू लागली. टीव्हीवरच्या बाईने पुढच्या शनिवारचं नाव सांगितलं.

"आपला हाय का?"

"नाही, मावशी. दुसरा आहे."

"मंग आपला कवा?"

"ते काही सांगत नाहीत."

"मंग म्या काय करू तवर?"

भाऊंनी तिच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी होते, घोट्यापर्यंत लाल माती होती. वाडीहून आली होती ती, त्या डोळ्यांनी.

"घरी बसा," ते म्हणाले, आणि तिला उठवायला हात पुढे केला. तिने तो हात धरला नाही. गजाला धरून ती तशीच बसून राहिली. मग भाऊही पुन्हा तिच्याशेजारी बसले. आतून वहिनींनी टीव्ही बंद केला.

मी पुस्तकं न मागता परत आले. यादीत त्या नावापुढे पुस्तकं यायची बाकी असल्याची फुली अजून आहे.